काट्यांचा इषय न्हाई

आमच्या तात्यांकडे कुणी सायकलवरून आलं, की तात्या आधी त्या माणसाकडे बघत नाहीत. खाली वाकतात, मागच्या टायरवर अंगठा दाबतात, मग पुढच्यावर. अंगठा किती आत जातो त्यावर पाहुण्याशी कसं बोलायचं ते ठरतं. टायर दगडासारखा लागला तर "या, बसा." अंगठा रुतला तर "हवा कमी हाय," आणि मग पाहुणा उन्हात उभा, तात्या पंप आणायला आत. चारचाकीवाल्यांनाही यातून सूट नाही. एकदा मतं मागायला एक पुढारी वस्तीवर आले होते. त्यांनी हात जोडले, तर तात्यांनी त्यांच्या गाडीच्या टायरला लाथ मारून बघितली आणि म्हणाले, "डावीकडं कमी हाय." पुढारी मान डोलावून हसले. त्यांना वाटलं यात काहीतरी राजकारण आहे. नव्हतं. डावीकडे खरंच कमी होती.

"हवा कमी हाय" हा तात्यांचा सगळ्या जगावरचा शेरा आहे. भाकरी फुगली नाही, हवा कमी हाय. ग्रामसभेत नवा सरपंच अडखळला, हवा कमी हाय. मी पाहुण्यांसमोर बोलत नाही, चहा ठेवून आत पळते, म्हणून माझ्यातही हवा कमी आहे. हे ते मला ऐकू जाईल अशा आवाजात पाहुण्यांना सांगतात. "आमच्या मिडियममधी जरा हवा कमी हाय बगा." मिडियम म्हणजे मी. मला मलकापूरच्या इंग्लिश मिडियम शाळेत घातलं, त्या दिवसापासून तात्यांनी माझं नाव घेणं सोडलं. आता मी घरी बसून संगणकावर काम करते, पगार घेते, तरी मी मिडियमच.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. लष्करात ट्रक चालवायचे. काकी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगाही फौजेत आहे, सुट्टी मिळाली तर येतो. सातारा जिल्हा संपून सांगली सुरू होते त्या हद्दीवर आमचं शेत आहे. ऊस सांगलीतल्या कारखान्याला जातो आणि दुखलंखुपलं तर आम्ही कराडला जातो. शेतातच दोन घरं आहेत, एक आमचं आणि एक तात्यांचं. मधलं अंतर हाकेचं आहे. पण हाक कुणी मारत नाही, कारण तात्या आणि माझे पप्पा एकमेकांशी बोलत नाहीत.

वाटणी झाली तेव्हा मी शाळेत होते. मोजणीवाले सामान आवरत होते, गावातले चार लोक चहा पीत होते. कुठल्याशा गोष्टीवरून तात्या म्हणाले, "ह्या मातीत माझाबी घाम हाय." पप्पा म्हणाले, "लांबनं पैसं धाडलं म्हंजी घाम न्हवं. इथं पाणी पाजताना तुमी कुठं हुता?" तात्या उठले, टोपी घातली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बैलगाडीभर बाभळीच्या काट्या, म्हणजे काटेरी फांद्या, घेऊन आले आणि मधल्या बांधावर या टोकापासून त्या टोकापर्यंत कुंपण घातलं. गुडघ्याएवढं कुंपण. लहान मूलही ओलांडेल. पण इतक्या वर्षांत ते कुणी ओलांडलं नाही.

कुंपण जुनं झालं, वाळवी लागली, की तात्या नव्या काट्या आणतात. ऊस तुटून गेला की हे काम ठरलेलं. लग्नाचा वाढदिवस पाळावा तसं ते भांडणाचं वर्ष पाळतात.

आता बाभळीच्या काट्याला मोजणी कळत नाही. वारा सुटला की फांद्या मोडतात आणि काटे दोन्ही अंगांना पडतात. बांधाच्या अलीकडे आमची पायवाट, पलीकडे तात्यांची. दोन्ही डांबरी रस्त्याला मिळतात. कुंपण घातल्यावर पहिली पंक्चर झाली ती तात्यांचीच सायकल. त्या दिवशी ते सायकल ढकलत गावात गेले तेव्हा लोक हसले. फौजेत ज्यांनी कधी गाडी थांबू दिली नाही, ते स्वतःच्या काट्यावर थांबले. "कॉन्वायमधी एक गाडी पंक्चर झाली की मागची समदी लाईन हुबी ऱ्हाती," असं ते नेहमी सांगायचे. मागे लाईन नव्हती, पण लाज होती.

शहाण्या माणसानं कुंपण काढलं असतं. तात्यांनी टायर बदलला.

तिथून सुरू झालं. आधी त्यांनी जाड ट्यूब आणली. मग तेवढ्यानं भागेना म्हणून जुनी ट्यूब मधोमध कापून तिची पट्टी टायर आणि ट्यूबच्या मध्ये घातली. मग कुणीतरी सांगितलं की ट्यूबमध्ये हिरवं औषध भरतात, भोक पडलं की ते आपोआप बुजतं. ते भरलं. एका रविवारी टायर फाटला आणि ते हिरवं औषध बाजारच्या दिवशी तात्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर पाठीमागून उडालं. बाजारात त्यांना कुणी काही विचारलं नाही, फक्त वाट दिली.

मग त्यांनी भरीव टायर आणले. आत हवाच नाही, सगळा रबर. पंक्चर व्हायचा प्रश्नच संपला. पण ते बसवून दुधाचा कॅन डेअरीला नेला तर तात्यांची कंबर धरली आणि डेअरीवाल्यानं झाकण उघडून विचारलं, "तात्या, दूध घालायला आलाय का लोणी?" ते टायर आता तात्यांच्या म्हशीच्या गोठ्याच्या दाराला लावलेत, दार आपटू नये म्हणून.

या सगळ्यात माझा उपयोग एकच. टायरच्या कडेला बारीक इंग्रजी अक्षरं असतात ती वाचून दाखवणं. "ए मिडियम, वाच काय लिवलंय." मी कुंपणाच्या अलीकडे बसून वाचायची, ते पलीकडून टायर फिरवत राहायचे. हवा किती भरायची, कुठल्या रिमला बसतो, फिरायची दिशा कुठली. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "हे आमाला म्हाईतच हाय." शेवटी मी त्यांच्यासाठी मोबाइलवरून एक टायर मागवला. नक्षीखाली तांबडी पट्टी असलेला, काटा आत जाऊ न देणारा. तो आला तेव्हा तात्यांनी अंगठा दाबला, पुन्हा दाबला, आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले, "बरा हाय." एवढंच. मला एखादं बक्षीस मिळाल्यासारखं झालं होतं.

टायरबद्दल त्यांचा सिद्धान्त असा. काटा लगेच आत जात नाही. आधी नुसता नक्षीत बसतो. मग चाकाच्या फेऱ्यागणिक आत आत सरकतो आणि आपल्याला वाटतं आजच घुसला. म्हणून रोज संध्याकाळी सायकल उलटी करायची आणि दाभणानं एकेक काटा उकरून काढायचा. ते दर संध्याकाळी हे करतात. बाकी कुठल्या काट्याबद्दल त्यांना हे सुचलं नाही.

आता पप्पा. पप्पांचं सगळं उलट. ते मुद्दाम हलक्यातली ट्यूब घालायचे. पंक्चर झाली की घरी काढायची नाही, पायवाटेवरही नाही. सायकल ढकलत गावच्या चौकापर्यंत न्यायची, पंक्चरच्या दुकानापुढे लावायची आणि मोठ्यानं म्हणायचं, "बगा रं, भावानं आहेर केलाय." ट्यूबवर इतकी ठिगळं होती की दुकानदार म्हणायचा, "आण्णा, आता ठिगळावर ठिगळ बसंना. नवी घ्या की." पप्पा म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. लोकास्नी दिसू दे." माझ्या घरातलं मनोरंजन हे होतं. एक भाऊ काटे पसरतो आणि दुसरा ते टोचून घेऊन मिरवतो.

पप्पांची ती फसफसणारी सायकल गावातून जाताना बघणं तात्यांना सहन व्हायचं नाही. भावाचा अपमान त्यांना चालत होता, बसलेला टायर चालत नव्हता. ते मला कुंपणापाशी गाठायचे.

"तुझ्या बापाला सांग, जाड ट्यूब घाल म्हणावं."

मी आत जाऊन सांगायची. पप्पा म्हणायचे, "तात्याला सांग, काट्या उचल म्हणावं."

मी बाहेर येऊन सांगायची. तात्या चिडायचे. "काट्यांचा इषय न्हाई! टायरचा इषय हाय!"

मी निरोपात एक शब्द वाढवायची नाही की कमी करायची नाही. म्हणूनच दोघांनाही मी पसंत होते. आईला कुणी निरोप सांगायचं नाही, कारण आई वाटेत त्यात स्वतःचं घालायची.

मग एका वर्षी पप्पांची सायकल पंक्चर व्हायची बंद झाली. महिना गेला, दुसरा गेला. पप्पा अस्वस्थ झाले. ते मुद्दाम काटे बघून त्यावरून सायकल घालायला लागले. काही नाही. चौकात जायला कारण उरलं नाही. "काय आण्णा, भाऊ विसरला व्हय?" असं लोक विचारायचे.

शेवटी एका दुपारी त्यांनी अंगणात सायकल आडवी पाडली आणि टायर खोलला. मी खिडकीतून बघत होते. आत जाड ट्यूब होती. तिच्यावर जुन्या ट्यूबची पट्टी होती, आणि पट्टीच्या टोकांना फौजी दोऱ्यानं घातलेली शिवण, एकसारखी, गच्च. असे टाके आमच्याकडे एकच माणूस घालतो. शेवटचं पंक्चर काढायला सायकल चौकात गेली तेव्हा तात्यांनी दुकानदाराला गाठून हे आत घालायला लावलं होतं.

पप्पांनी ती पट्टी हातात घेतली. मला वाटलं आता ती भिरकावतील. आईलाही वाटलं, ती दारात येऊन उभी राहिली. पप्पांनी पट्टी पुसली, होती तशी घातली, टायर चढवला आणि हवा भरली. "काय बगतीस?" ते आईला म्हणाले. "च्या टाक."

माझ्या मनात आलं, आता बोलतील. मूर्खपणाच होता माझा. पप्पा चौकात जायचे थांबले आणि तात्यांनी त्या वर्षीही नव्या काट्या आणल्या.

त्यानंतर पप्पांना झटका आला. सकाळी दात घासताना पडले. उजवी बाजू गेली आणि बोलणंही. कराडच्या दवाखान्यात आम्ही वर होतो तेव्हा आई म्हणाली, "खाली बग, तुझं तात्या हायत का." मी खिडकीतून बघितलं. तात्या दवाखान्याच्या आवारात होते. वर आले नव्हते. लोकांच्या लावलेल्या सायकली आणि स्कूटर यांच्या रांगेतून ते वाकून चालले होते आणि एकेका टायरवर अंगठा दाबत होते. रांग संपली की परत पहिल्यापासून. वॉचमननं त्यांना हटकलं. त्यांचं काहीतरी बोलणं झालं. मग वॉचमननं त्यांना बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. पप्पा घरी येईपर्यंत तात्या रोज एस.टी.नं येत होते आणि रोज त्या बाकावरून परत जात होते. मी खाली गेले तर विचारायचे, "हवा कशी हाय?" मी म्हणायची, "बरी आहे." एवढ्यावर आमचं बोलणं संपायचं.

पप्पा घरी आले. आता ते बोलू शकत नाहीत असं नाही, पण शब्द सापडत नाहीत. पाणी हवं असेल तर कधी "दार" म्हणतात आणि स्वतःवरच चिडतात. "हां" आणि "न्हाई" तेवढं नीट येतं. वर्षानुवर्षं दोघं भाऊ बोलू शकत होते तेव्हा बोलले नाहीत. आता एकाकडचे शब्दच गेले. मला या दोघांचा राग येतो. तो मी कुणाला सांगत नाही.

डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. त्यामुळे सकाळी मी पप्पांना धरून पायवाटेवर नेते. उजवा पाय ओढतो. त्या पायाला फारसं काही कळतही नाही. चप्पल निसटते, पप्पा तसेच पुढे जातात. एका संध्याकाळी तेल लावताना आईला तळव्यात काटा सापडला. आख्खा, मुळापर्यंत गेलेला, भोवती रक्त काळं झालेलं. किती दिवस आत होता कोण जाणे. पप्पांना पत्ताच नव्हता.

आई तात्यांसमोर कधी मोठ्यानं बोलत नाही, डोक्यावरचा पदर सावरून बाजूला होते. त्या संध्याकाळी ती तशीच तेलाच्या हातानं कुंपणापाशी गेली. तात्या पलीकडे सायकल उलटी करून दाभणानं काटे काढत होते.

"आवं तात्या," आई म्हणाली, "ट्यूबला ठिगळ बसतंय. ह्यास्नी काय बसवू?"

आणि तो काटा तिनं कुंपणावरून त्यांच्या पुढ्यात टाकला.

तात्यांनी काटा उचलला. त्यांचा नेहमीचा इषय निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला ते आमच्या पायवाटेवर दिसले. आमच्या बाजूला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कुंपण ओलांडून नव्हे, डांबरी रस्त्यानं वळसा घालून आले होते. उकिडवे बसून मातीत उमटलेलं पप्पांचं पाऊल काडीनं मोजत होते. डावं सहज मोजलं. उजव्याचा नुसता फराटा ओढलेला होता. त्यावर ते बराच वेळ थांबले. मला बघून उठले आणि आले तसे वळसा घालून गेले. मला वाटलं, आता उचलतात काट्या. मी खिडकीशी बसून दुपारपर्यंत वाट बघितली. काम पुढ्यात तसंच पडून राहिलं.

काट्या तिथंच होत्या. पण संध्याकाळी तात्या डेअरीला दूध घेऊन चालत निघाले होते, कॅन हातात धरून. त्यांची सायकल ओट्याला टेकवलेली होती, मागच्या चाकाची नुसती रिम चमकत होती. लोकांच्या टायरवर अंगठा दाबत आयुष्य काढलेल्या माणसाची सायकल उघडी. मला ते बघवेना.

आठवडाभरानं एका सकाळी त्यांनी मला कुंपणापाशी हाक मारली आणि एक पिशवी दिली. "बापाला दे. दुकानातनं आणली म्हणून सांग."

आत चपलांचा जोड होता. कुठल्याही दुकानात अशा चपला मिळणार नाहीत. टायरच्या पट्ट्या शेजारी शेजारी लावून शिवलेला तळ, वरून ट्यूबच्या रबराचे पट्टे. उजव्या चपलेला टाचेमागून एक जादा पट्टा, पाय ओढला तरी निसटू नये म्हणून. मी तळ उलटा केला. नक्षीखाली तांबडी पट्टी होती. कडेला इंग्रजी अक्षरं अर्धवट कापलेली. ती मी वाचलेली होती.

मी पप्पांना म्हटलं, "दुकानातनं आणल्यात." निरोप होता तसा दिला.

पप्पांनी चप्पल डाव्या हातात घेतली. टाक्यांवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पाय पुढे केला. आईनं पट्टा लावला आणि उठून आत गेली. आत गेल्यावर तिनं उगीच भांडी वाजवली.

त्या सकाळी मी पप्पांना घेऊन पायवाटेवर निघाले. पाय ओढत होता पण चप्पल निसटत नव्हती. तळाखाली काटे मोडल्याचा बारीक आवाज येत होता. थोड्या वेळानं बघते तर कुंपणापलीकडून तात्या आमच्या बरोबरीनं चालत होते. पप्पा थांबले की ते थांबायचे आणि उसाकडे बघायचे. पप्पा निघाले की तेही निघायचे. त्यांना कुठं जायचं नव्हतं. सायकलला टायर नव्हता.

बांधाच्या टोकाला पप्पा दमून थांबले. तात्याही थांबले. मधे गुडघ्याएवढं कुंपण.

"मिडियम," तात्या माझ्याकडे बघून म्हणाले, "बापाला इचार, चावतीय का."

मी पप्पांकडे वळले. विचारायला तोंड उघडलं.

"न्हाई," पप्पा म्हणाले. माझ्याकडे बघून नव्हे. स्वच्छ, मोठ्यानं.

मी सवयीनं तात्यांकडे वळले. "ते म्हणतात..."

"सांगू नगंस," तात्या म्हणाले. "ऐकलं."

एक फांदी वाऱ्यानं मोडून आमच्या वाटेवर पडली होती, पप्पांच्या उजव्या पायापाशी. तात्यांनी हातातल्या काठीचा आकडा पुढे घातला, ती अलगद ओढून घेतली, तिच्यावरची माती झटकली, आणि कुंपणात जिथं जागा झाली होती तिथं ती नीट खोचून ठेवली.